जंगलातले कॉलेज कुणाच्या नावावर?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या टेरा होट शहरात इंजिनिअरिंग शिकतो. शहराजवळ, नदीपलीकडे गर्द झाडीत 'सेंट मेरी ऑफ द वूड्स' नावाचे एक छोटे कॉलेज आहे. सहा फ्रेंच नन्सनी ते १८४० साली सुरू केले असे त्याला कळले. मला प्रश्न पडला तो असा, की १८४० साली त्या रानात शिकायला मुली आल्या कुठून? पैसा कुणाचा? डोक्यावर बिशप, आर्चबिशप अशी पुरुषांची उतरंड असताना या बायकांना कॉलेज चालवू दिले तरी कसे? शिवाय अमेरिकेतली अशी कॉलेजे आता एकामागून एक बंद पडत आहेत असे वाचले. ते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे प्रश्न दिसायला चार आहेत, पण मुळात दोनच : पैसा कुणाचा आणि हुकूम कुणाचा. सिस्टरांनी काढलेल्या कॉलेजांचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. सेंट मेरीचे उदाहरण तर त्यासाठी फारच चांगले. क्रमाने घेऊ.

तिथे खरेच जंगल होते का?

होते, आणि आलेल्या सिस्टरांनाही त्याची कल्पना नव्हती. मदर थिओडोर गेरां आणि त्यांच्या पाच सहकारी जुलै १८४० मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून निघाल्या. सुमारे ४० दिवस समुद्रात काढून सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तिथून रेल्वे, घोडागाडी आणि ओहायो नदीवरची बोट असा प्रवास करत २२ ऑक्टोबरला त्यांनी वाबॅश नदी ओलांडली. गाडी एका ठिकाणी थांबली आणि सोबतच्या धर्मगुरूंनी 'पोचलो, उतरा' म्हणून सांगितले. गाव नाही, मठ नाही. सभोवार झाडे, आणि ओंडक्यांची एक खोपटी. ती खोपटी हेच तिथले चर्च होते. जमिनीत खुंट रोवून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या, तीच वेदी. सिस्टरांसाठी बांधायला घेतलेली इमारत अपुरी होती, त्यामुळे जवळच्या एका शेतकरी कुटुंबाच्या घरातली एक खोली आणि वरचा माळा एवढ्यावर त्यांनी संसार मांडला. सिस्टरांच्या संघात येऊ इच्छिणाऱ्या चार मुली तिथे आधीच वाट पाहत होत्या. म्हणजे सहाच्या लगेच दहा झाल्या.

मग फ्रान्स सोडून त्या आल्याच का?

बोलावणे होते म्हणून. तेव्हा व्हिन्सेन्सचा धर्मप्रांत सगळ्या इंडियानावर आणि पूर्व इलिनॉयवर पसरलेला होता. तिथे स्थलांतरित कॅथलिक कुटुंबे झपाट्याने वाढत होती, शाळा मात्र मोजक्याच होत्या. बिशप सिमोन ब्रुते यांनी आपले सहकारी सेलेस्तँ दे ला एलांदिएर यांना सिस्टर मिळवण्यासाठी फ्रान्सला पाठवले. एलांदिएर तिकडे असतानाच, १८३९ साली, ब्रुते वारले आणि एलांदिएरच बिशप झाले. रुइये-सुर-ल्वार इथल्या 'सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स' या संघाने त्यांची विनंती मान्य केली.

सिस्टर मागायला फ्रान्सलाच का जायचे? राज्यक्रांतीत तिथल्या शाळा, इस्पितळे आणि मठ यांची वाताहत झाली होती. ती घडी पुन्हा बसवायला पुढच्या काही दशकांत स्त्रियांचे कितीतरी नवे संघ तिथे उभे राहिले. रुइयेचा संघ १८०६ साली जाक दुजारिए नावाच्या धर्मगुरूने सुरू केलेल्या कामातून वाढला. खेड्यातल्या मुलांना शिकवायचे आणि आजाऱ्यांची सेवा करायची, हे त्याचे काम. अंधाऱ्या कोठडीत जपमाळ ओढणाऱ्या नन्सचे चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर असेल, तर ते इथे उपयोगाचे नाही. या बायका हिशेब, औषधोपचार आणि शाळा चालवणे यांत तयार झालेल्या होत्या.

मदर थिओडोर यांचेच पाहा. जन्म २ ऑक्टोबर १७९८, ब्रिटनी प्रांतातल्या एताब्ल गावचा. वडील नौदलात अधिकारी. त्या पंधरा वर्षांच्या असताना वडील घरी परतत होते, तेव्हा वाटेत दरोडेखोरांनी त्यांना ठार केले. दोन भाऊ आधीच गेले होते. आईने अंथरूण धरले, आणि घर, आई व धाकटी बहीण यांचा भार दहा वर्षे याच मुलीने वाहिला. पंचविसाव्या वर्षी आईने संमती दिली, तेव्हा कुठे त्या संघात गेल्या. उमेदवारीच्या काळात देवी आल्या. जीव वाचला, पण पोट कायमचे बिघडले. जन्मभर त्यांना पातळ, मऊ अन्नावरच राहावे लागले. सुलेन गावी असताना त्या एका डॉक्टरांकडून वैद्यक शिकल्या, आणि त्यांच्या अध्यापनाची दखल घेऊन आँजेच्या शिक्षण खात्याने त्यांचा गौरव केला. रानात पाठवायला अशी आजारी बाई कशी निवडली, असे वाटेल. पण वरिष्ठांनी सांगितले, की तुम्ही जात असाल तरच आम्ही ही मोहीम हाती घेऊ.

मुली कुठून आल्या?

पहिली विद्यार्थिनी ४ जुलै १८४१ ला आली. ती शाळा होती निवासी आणि फी घेणारी. शेतकरी, व्यापारी, नदीवरच्या वाहतुकीत पैसा केलेली माणसे यांना मुली शिकवायच्या होत्या, पण आसपास सोय नव्हती. त्यामुळे प्रॉटेस्टंट घरांतल्या मुलीही आल्या. हे तितकेसे सोपे नव्हते. सातच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८३४ मध्ये, बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउन इथे उर्सुलाइन सिस्टरांची निवासी शाळा जमावाने जाळून टाकली होती. कॅथलिक म्हणजे परक्या पोपचे हस्तक आणि कॉन्व्हेंट म्हणजे मुलींना फशी पाडण्याचे ठिकाण, असा समज तेव्हा अमेरिकेत सर्रास होता. तरीही शिक्षण चांगले असेल, तर पालक धर्माकडे काणाडोळा करतात. आपल्याकडच्या कॉन्व्हेंट शाळांच्या प्रवेशाच्या रांगा आठवल्या, तर हे वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की शिकवणाऱ्या सिस्टरांपैकी बहुतेकींना इंग्रजी येत नव्हते. संघात नव्याने आलेल्या अमेरिकन मुली ते त्यांना शिकवत. म्हणजे त्या शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनी या तिच्या शिक्षिकाच म्हणायला हव्यात.

पैसा कुणाचा?

थोडा फ्रान्समधला, थोडा फीचा. पण खरे भांडवल हिशेबाच्या वहीत दिसत नाही. व्रतस्थ सिस्टर पगार घेत नाही. तिचे जेवण, कपडे, आजारपण, म्हातारपण संघाकडे, आणि तिची सगळी मेहनतही संघाकडेच. निवासी शाळेच्या फीतून जे उरे, त्यातून गरिबांच्या शाळा आणि अनाथालये चालत. शेत, गुरे आणि भाजीपाला सिस्टरच बघत.

हे किती तोलून मापून चालत होते, ते एका आगीने दाखवले. २ ऑक्टोबर १८४२ ला, म्हणजे मदर थिओडोर यांच्या वाढदिवशीच, कोठार पेटले आणि वर्षाचे पीक गेले. आग कुणी मुद्दाम लावली असावी, असा संशय होता. हिवाळा तोंडावर, घरात धान्य नाही आणि उधार देणारे हात आखडते घेऊ लागलेले. पुढच्या वसंतात मदर थिओडोर पैसे गोळा करायला फ्रान्सला गेल्या. सोबत होत्या सिस्टर मेरी सिसिलिया बायी. या सिस्टर इंडियानाच्या उत्तर भागातल्या एका फर-व्यापाऱ्याची मुलगी, आणि आजोळ ओडावा आदिवासी वंशाचे. फ्रान्सच्या राणी मारी-आमेली यांनी या दोघींना भेट दिली, स्वतः मदत केली आणि इतरांनाही करायला लावली. हीच आदिवासी आजोळाची मुलगी १८५६ मध्ये मदर थिओडोर यांच्यामागे संघाची प्रमुख झाली.

आणि हुकूम?

इथे खरी कथा सुरू होते. बिशप एलांदिएर यांची समजूत अशी, की सिस्टर आपण आणल्या, तेव्हा त्या आपल्या ताब्यात. कुणाला संघात घ्यायचे, कोणत्या गावी शाळा काढायची, कोणती बंद करायची, सगळे त्यांना ठरवायचे होते. संघाच्या नियमांप्रमाणे मात्र हा अधिकार संघाच्या प्रमुखांचा होता. मदर थिओडोर फ्रान्समध्ये पैसे गोळा करत होत्या, तेव्हा बिशपनी इकडे प्रमुखपदाची निवडणूकच लावली. सिस्टरांनी पुन्हा मदर थिओडोर यांनाच निवडून दिले.

भांडणाचे मूळ जमिनीत होते. सिस्टर ज्या जागेवर राबत होत्या, इमारती उभ्या करत होत्या, ती जागा त्यांच्या नावावर नव्हती. कागद करून द्यायला बिशप वर्षानुवर्षे टाळाटाळ करत राहिले. १८४६ च्या जानेवारीत इंडियानाच्या विधिमंडळाने सेंट मेरीला सनद दिली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी त्या राज्यात दिलेली ती पहिली सनद. कॉलेजच्या इतिहासात ही सनद मानाने मिरवली जाते, आणि ते रास्तच आहे. पण तिच्याकडे त्या तंट्याच्या संदर्भातही पाहायला हवे. सरकारदरबारी आता या संस्थेला स्वतःचे अस्तित्व मिळाले होते. चर्चच्या चौकटीत ते अजून मिळायचे होते.

१८४७ च्या मे महिन्यात प्रकरण टोकाला गेले. मदर थिओडोर व्हिन्सेन्सला बिशपना भेटायला गेल्या होत्या. बोलणी फिसकटली, तेव्हा बिशपनी त्यांना खोलीत कुलूपबंद केले. पुढे त्यांनी जाहीर केले, की तुम्ही आता प्रमुख नाही, या संघाच्या सिस्टरही नाही, धर्मप्रांत सोडून चालत्या व्हा. वर धर्मबहिष्काराची धमकी. मदर थिओडोर यांनी आदळआपट केली नाही, पण माघारही घेतली नाही. त्या आजारी पडल्या, आणि इकडे जंगलातल्या सिस्टर त्यांच्याबरोबर जायची बांधाबांध करू लागल्या. तेवढ्यात रोमहून बातमी आली : एलांदिएर यांचा राजीनामा मंजूर झाला होता, आणि जॉन स्टीफन बाझँ नवे बिशप नेमले गेले होते. तंटा मिटला. मदर थिओडोर आणखी नऊ वर्षे प्रमुख राहिल्या आणि १४ मे १८५६ ला वारल्या.

तेव्हा 'चालवू दिले कसे' याचे उत्तर, चालवू दिले नव्हतेच. त्यांनी चालवले. बंड पुकारून नव्हे, तर संघाचे नियम, निवडणुकीतली मते आणि राज्याची सनद हातात धरून. विशेष म्हणजे ज्या बाईला बिशपनी घराबाहेर काढले, तिलाच पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १५ ऑक्टोबर २००६ ला संतपद दिले. संतपदासाठी जो चमत्कार चर्चने ग्राह्य धरला, तो सेंट मेरीतल्याच एका कर्मचाऱ्याच्या डोळ्याचा. आणि तो कर्मचारी कॅथलिक नव्हता.

१८४० ची शाळा 'कॉलेज' कधी झाली?

स्थापनेच्या सालाबाबत सावध राहावे लागते. सनद १८४६ ची असली, तरी आजच्या अर्थाने पदवी देणारे कॉलेज व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले. हे सगळीकडेच असे झाले. सिस्टरांच्या निवासी शाळा वर वर वाढत गेल्या आणि एके दिवशी कॉलेज झाल्या. अमेरिकेत स्त्रियांना चार वर्षांची पदवी देणारे पहिले कॅथलिक कॉलेज म्हणजे बाल्टिमोरचे 'नोत्र दाम ऑफ मेरीलँड'. तिथल्या पहिल्या पदव्या १८९९ च्या.

त्याच सुमारास कॉलेजे काढण्याची घाई का झाली, त्याचे कारण मजेशीर आहे. वॉशिंग्टनमध्ये चर्चचे स्वतःचे 'कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका' उघडले होते, पण त्यात मुलींना प्रवेश नव्हता. शिकायची इच्छा असलेल्या कॅथलिक मुली मग इतरांच्या विद्यापीठांत जाऊ लागल्या आणि धर्मगुरूंना काळजी वाटू लागली. त्यावर नोत्र दाम द नामूर संघाच्या सिस्टरांनी १८९७ साली त्याच परिसरात ट्रिनिटी कॉलेज स्थापन केले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा झालेल्या नॅन्सी पेलोसी याच ट्रिनिटीच्या १९६२ च्या पदवीधर.

कॉलेज काढले, तर प्राध्यापिका हव्यात, आणि सिस्टरांना पदव्युत्तर शिक्षण देणार कोण? १९११ पासून कॅथलिक युनिव्हर्सिटीने सिस्टरांसाठी वेगळी सोय केली. पुढे सिस्टर सरकारी विद्यापीठांतही गेल्या. सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. घेतली. अमेरिकेत या विषयातल्या अगदी पहिल्या पीएच.डीं.पैकी ती एक. नंतर आयोवातल्या क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उभारला, आणि तेही सिस्टरांनीच काढलेले कॉलेज. अमेरिकेतल्या इतर कॉलेजांत बाई प्राचार्य म्हणजे नवल होते, तेव्हा या कॉलेजांत प्राचार्य, खजिनदार, विभागप्रमुख, बांधकामावर देखरेख करणाऱ्या, सगळ्या बायकाच होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक महिला कॉलेजांची संख्या शंभराच्या वर गेली होती.

मग आता बंद का पडतात?

ज्या कारणाने उभी राहिली, त्याच कारणाने. मोठ्या खासगी कॉलेजांजवळ कोट्यवधींचा कायम निधी असतो, त्याच्या व्याजावर ती चालतात. सिस्टरांच्या कॉलेजांजवळ तो नव्हता. मानांकन देणाऱ्या संस्था निधीची अट घालत, तेव्हा ही कॉलेजे बिनपगारी सिस्टरांच्या श्रमाची किंमत काढून 'हाच आमचा जिवंत निधी' म्हणून दाखवत, आणि ते मान्यही होई. हिशेब चोख होता, फक्त तो निधी माणसांचा होता. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार सिस्टर होत्या. आज ती संख्या ४० हजारांच्याही खाली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक वृद्ध. प्रत्येक निवृत्त सिस्टरच्या जागी पगारी प्राध्यापक नेमावा लागला, शिवाय निवृत्त सिस्टरांच्या औषधपाण्याचा खर्च संघावर वाढला.

दुसरा धक्का बाहेरून बसला. येल आणि प्रिन्स्टनने १९६९ साली, नोत्र दाम विद्यापीठाने १९७२ साली पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली. ज्या हुशार मुली सिस्टरांकडे येत, त्यांना नवी दारे उघडली. स्त्रियांसाठी ही आनंदाचीच गोष्ट, पण महिला कॉलेजांचे पट रिकामे होऊ लागले. शिकागोचे मंडेलिन १९९१ मध्ये लॉयोला विद्यापीठात विलीन झाले. डेट्रॉइटचे मॅरीग्रोव्ह २०१९ मध्ये बंद झाले. ओकलंडचे होली नेम्स २०२३ मध्ये आणि ऑल्बनीचे कॉलेज ऑफ सेंट रोझ २०२४ मध्ये, शंभरी गाठून, बंद झाले.

सेंट मेरी कसे टिकले?

वेळेवर वळण घेतले म्हणून. १९७३ मध्ये त्यांनी घरी राहून पदवी घेण्याची योजना सुरू केली. लग्न, मुले, नोकरी यांमुळे शिक्षण सुटलेल्या बायका सत्राच्या सुरुवातीला थोडे दिवस कॉलेजात येत, प्राध्यापिकांबरोबर अभ्यासाची आखणी करत आणि मग घरून पोस्टाने व फोनने अभ्यास पुरा करत. इंटरनेट यायला अजून वीस वर्षे होती. स्त्रियांसाठीच्या दूरशिक्षणात हा अमेरिकेतला अगदी सुरुवातीचा प्रयोग. २०१५ मध्ये कॉलेजने मुलांनाही प्रवेश खुला केला. माजी विद्यार्थिनींपैकी अनेकींना ते रुचले नाही, पण आकड्यांपुढे इलाज नव्हता. आज तिथे घोड्यांची निगा आणि अश्वारोहण यांचेही अभ्यासक्रम आहेत, घोडे कॉलेजच्याच तबेल्यात. संघाचे मातृगृह शेजारीच आहे आणि सिस्टरांचे अल्पाकांचे खिल्लार तिथे चरत असते. भाचा गेला नसेल, तर सांगा एकदा जायला.

आपल्याकडे असे काही?

आहे. मंगळुरूचे सेंट ॲग्नेस कॉलेज ॲपोस्टोलिक कार्मेलच्या सिस्टरांनी १९२१ साली काढले. मुंबईत ब्रीच कँडीजवळचे सोफिया कॉलेज 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट'च्या सिस्टरांनी १९४० साली सुरू केले. हा संघही फ्रान्समध्येच, १८०० साली, क्रांतीनंतरच्या त्याच पडझडीतून जन्मलेला. एक फरक मात्र मोठा. आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. त्यामुळे सिस्टर कमी झाल्या, म्हणून कॉलेजच कोसळले असे सहसा होत नाही. अमेरिकेत हा आधार नव्हता. तिथे सिस्टर गेली, की पगाराचे बिल उभे राहिले.

म्हणून अशा कुठल्याही संस्थेचा इतिहास हाती आला, मग ती मिशनची असो वा आपल्या एखाद्या शिक्षण मंडळाची, तर संस्थापकांच्या तसबिरींआधी दोन गोष्टी विचाराव्यात : सातबाऱ्यावर नाव कुणाचे होते, आणि शिकवणाऱ्यांना पगार कुणी दिला. ती संस्था उभी कशी राहिली आणि किती दिवस उभी राहील, हे बहुधा त्यातच कळते.